हातात बंदूक, काखेत कायद्याचं पुस्तक: ह्यूई न्यूटनची गोष्ट

१९६७ सालच्या सुरुवातीचे दिवस. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ओकलंड नावाचं बंदराचं शहर आहे. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीत पोलिसांनी एक गाडी अडवली. गाडीत काही तरुण पोरं बसलेली. त्यातल्या एकाजवळ लांब रायफल होती. लपवलेली नाही, सगळ्यांना दिसेल अशी उघडी.

पोलिसांनी विचारलं, बंदूक कशाला? ती इकडे दे, बघू. त्या तरुणाने साफ नकार दिला. नाव सांगतो, पत्ता सांगतो, त्यापलीकडे काही सांगायला कायद्याने मी बांधील नाही, असं तो शांतपणे म्हणाला. मग गाडीतून खाली उतरला आणि पोलिसांच्या डोळ्यांदेखत रायफलीत गोळी चढवली. नळी मात्र आकाशाकडे. कुणावरही रोखली नाही.

तोवर आजूबाजूच्या घरांतून बाया-माणसं, लेकरं बाहेर आली. पोलिसांनी त्यांना घरात जायला सांगितलं. या पठ्ठ्याने उलट सांगितलं की थांबा, कुणी जाऊ नका. ठराविक अंतर ठेवून पोलिसांचं काम बघत उभं राहणं हा तुमचा हक्क आहे. लोक थांबले. पोलिसांना अटक करण्यासारखं काही सापडेना. शेवटी ते निघून गेले. त्या वस्तीने असला प्रकार उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

त्या तरुणाचं नाव ह्यूई न्यूटन. शाळेच्या पुस्तकातला सफरचंदवाला न्यूटन तो वेगळा. हा ब्लॅक पँथर पक्षाचा संस्थापक. त्याचा जोडीदार बॉबी सील याने हा प्रसंग पुढे आपल्या पुस्तकात सविस्तर सांगितला आहे. त्या वेळी ह्यूईचं वय होतं अवघं २५ च्या आसपास.

बटईदाराचा पोरगा

ह्यूईचा जन्म १७ फेब्रुवारी १९४२ चा, लुईझियाना राज्यातल्या मनरो गावचा. बाप वॉल्टर न्यूटन बटईने शेती करायचा, चर्चमध्ये प्रवचनही द्यायचा. सात भावंडांत ह्यूई शेंडेफळ. तो सगळा भाग कापसाचा. जमीन गोऱ्याची आणि घाम काळ्याचा, असा तिथला हिशोब. कृष्णवर्णीय माणसाला नुसत्या संशयावरून जमावाने ठार मारायचं आणि कुणाला शिक्षाही व्हायची नाही, असे प्रकार त्या मुलखात किती तरी घडलेले.

१९४५ साली हे कुटुंब पोटासाठी कॅलिफोर्नियात ओकलंडला आलं. युद्धाच्या काळात तिथे बंदरात, जहाजाच्या कारखान्यांत काम मिळत होतं. दक्षिणेतून हजारो कुटुंबं अशीच आली होती. बाप एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी राबायचा. गाव बदललं, पण पोलिसांची नजर बदलली नाही. ओकलंडच्या पोलीस दलात बहुतेक सगळे गोरे. वस्तीत पोलीस आला की आता मार बसणार, एवढंच लोकांना ठाऊक.

ह्यूई शाळेत जायचा, पण शिकायचा नाही. मारामाऱ्या, वर्गातून हकालपट्टी, हेच चालायचं. १९५९ साली तो हायस्कूल पास झाला खरा, पण त्याला धड वाचता येत नव्हतं. याची लाज त्याला नंतर वाटली. थोरला भाऊ मेल्विन शिकलेला होता, घरात पुस्तकं होती. ह्यूईने ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याचं रिपब्लिक नावाचं जड पुस्तक उचललं आणि अडेल तो शब्द शब्दकोशात शोधत ते पुन:पुन्हा वाचून काढलं. असा तो स्वत:च वाचायला शिकला. मग मेरिट कॉलेजात गेला, तिथे कायद्याचेही वर्ग केले. आधी घरफोड्या, चोऱ्या करणारा हा पोरगा. कायदा शिकावा असं वाटण्यामागे पोलिसांच्या हाती लागल्यावर सुटायचं कसं हाही विचार होता, हे त्याने पुढे लपवलं नाही.

१९६४ साली एका पार्टीत भांडण झालं आणि ह्यूईने एकाला सुरीने भोसकलं. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि तुरुंगात त्याने एकांतकोठडीही भोगली. बाहेर आला तो प्रोबेशनवर, म्हणजे वागणूक नीट ठेवण्याच्या अटीवर. ही अट पुढच्या कथेत महत्त्वाची आहे.

कायद्यात सापडलेली जागा

ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई आणि बॉबी सील यांनी पक्ष काढला. दोघंही तेव्हा गरिबी निर्मूलनाच्या एका सरकारी केंद्रात कामाला होते. तिथल्याच कचेरीत बसून त्यांनी दहा कलमी कार्यक्रम लिहिला. काम, चांगली घरं, खरं शिक्षण आणि पोलिसांच्या मारहाणीला आळा, अशा त्यातल्या मागण्या. पँथरचं चिन्ह त्यांनी अलाबामा राज्यातल्या एका कृष्णवर्णीय संघटनेकडून घेतलं. सील अध्यक्ष झाला, ह्यूई संरक्षणमंत्री.

त्याच केंद्रात कायद्याची पुस्तकं होती. ती चाळताना ह्यूईच्या हाती मुद्द्याची गोष्ट लागली. कॅलिफोर्नियात त्या वेळी भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी नव्हती. मात्र ती उघडी दिसली पाहिजे, लपवायची नाही आणि कुणावर रोखायची नाही. चालत्या गाडीत रायफलीत गोळी चढवलेली चालत नसे, पण खाली उतरल्यावर चढवता येई. ह्यूईवर गुन्हा असल्याने त्याला पिस्तूल बाळगता येत नव्हतं. म्हणून त्याने लांब बंदूकच हाती धरली.

आपल्याकडच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. इथे शेतराखणीच्या बंदुकीलासुद्धा परवाना लागतो आणि निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते. अमेरिकेत उलट आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क तिथल्या राज्यघटनेतच लिहिलेला आहे. हा हक्क गोरे लोक पिढ्यान् पिढ्या वापरत आले होते. कृष्णवर्णीय माणूस तोच हक्क वापरायला उभा राहिला, तेव्हा सगळ्यांच्या भुवया उंचावल्या.

पहिल्या काही बंदुका रिचर्ड आओकी या जपानी वंशाच्या मित्राने दिल्या. पुढच्या बंदुकांसाठी पैसे नव्हते. मग या दोघांनी चीनच्या माओची लाल पुस्तकं स्वस्तात घेतली आणि शेजारच्या बर्कली विद्यापीठाच्या दारात पोरांना चढ्या भावाने विकली. त्या पैशांतून शॉटगन आल्या.

आणि मग गस्त सुरू झाली. पोलिसांची गाडी पुढे, पँथरांची गाडी मागे. पोलिसांनी कुणाला अडवलं की हे खाली उतरायचे, अंतर राखून उभे राहायचे. खांद्याला बंदूक, अंगात काळं चामड्याचं जॅकेट, डोक्यावर काळी टोपी. ह्यूई मोठ्याने कायद्याची कलमं वाचून दाखवायचा, म्हणजे अडवलेल्या माणसाला कळावं की आपला हक्क काय. अटक झालीच तर जामिनाची व्यवस्था बघायची. गोळी झाडायची वेळ येऊ न देता पोलिसांना कायद्यात वागायला लावायचं, हा त्यामागचा डाव होता.

पक्षाच्या वर्तमानपत्रात खिशातला वकील अशा अर्थाच्या नावाने सूचनांची यादीही छापली जायची. गप्प राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. वॉरंट नसताना घराच्या झडतीला संमती देऊ नका, आणि देत नाही हे साक्षीदारांसमोर स्पष्ट सांगा. पण अटक होत असेल तर अजिबात झटापट करू नका, निर्दोष असलात तरी नाही. कारण झटापट हा वेगळा गुन्हा होतो. बंदूकवाल्या पक्षाच्या पेपरात हे छापून यायचं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

कायदाच बदलला

२१ फेब्रुवारी १९६७ ला माल्कम एक्स यांच्या पत्नी बेटी शबाझ सॅन फ्रान्सिस्कोत आल्या. माल्कम यांची हत्या होऊन बरोबर दोन वर्षं झाली होती. त्यांच्या संरक्षणाला पँथर बंदुका घेऊन विमानतळावर गेले. पुढे एका मासिकाच्या कचेरीबाहेर पोलिसांशी आमनासामना झाला. एका पोलिसाचा हात पिस्तुलाजवळ गेला तशी ह्यूईने शॉटगनमध्ये गोळी चढवली. काही क्षण कुणीच हललं नाही. शेवटी पोलीस मागे सरले. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव सगळीकडे झालं.

१ एप्रिलला जवळच्या रिचमंड भागात डेन्झिल डॉवेल हा २२ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. घरच्यांना न्याय मिळेना. पँथरांनी त्या वस्तीत सशस्त्र सभा घेतल्या, लोक मोठ्या संख्येने आले. याच प्रकरणावरून पक्षाच्या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला.

आता सरकार जागं झालं. डॉन मलफोर्ड नावाच्या आमदाराने विधेयक आणलं, की भरलेली बंदूक घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरायला बंदी. २ मे १९६७ ला सुमारे ३० पँथर बंदुका घेऊन थेट राजधानी सॅक्रॅमेंटोच्या विधानभवनात शिरले. त्यात सहा महिला होत्या. ह्यूई प्रोबेशनवर असल्याने मागे राहिला, पुढारपण सीलने केलं. टीव्हीवर हे दृश्य देशभर दिसलं. पक्षाची प्रसिद्धी झाली, पण सीलला काही महिने तुरुंगात जावं लागलं. विधेयकाचंही काम उलट सोपं झालं. २८ जुलैला राज्यपाल रोनाल्ड रीगन यांनी सही केली. हेच रीगन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

कायद्याच्या ज्या जागेवर ह्यूई उभा होता, ती जागाच सरकारने काढून घेतली. रस्त्यावरची सशस्त्र गस्त तिथे संपली. नवा कायदा घराच्या आत मात्र लागू नव्हता. स्वत:च्या घरात भरलेली बंदूक ठेवणं तेव्हाही कायदेशीरच राहिलं.

त्या पहाटे काय झालं?

२८ ऑक्टोबर १९६७. ह्यूईचं प्रोबेशन संपल्याचा आनंद करून तो मित्राबरोबर पहाटे गाडीतून चालला होता. जॉन फ्रे या २३ वर्षांच्या पोलिसाने गाडी अडवली. मदतीला हर्बर्ट हीन्स आला. काही मिनिटांत गोळ्या सुटल्या. फ्रे मेला, हीन्स जखमी झाला आणि ह्यूईच्या पोटात गोळी शिरली.

गोळी कुणी झाडली यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालला. आपल्या हातात बंदूक नव्हती, कायद्याचं पुस्तक होतं, आणि गोळी लागल्यावर शुद्ध हरपली, असं ह्यूईने साक्षीत सांगितलं. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की फ्रेला त्यानेच मारलं. सप्टेंबर १९६८ मध्ये त्याला मनुष्यवधाच्या गुन्ह्यात २ ते १५ वर्षांची शिक्षा झाली. वरच्या कोर्टाने १९७० साली ती रद्द केली. त्यानंतर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीत, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांत, एकमत झालं नाही. १९७१ अखेर सरकारने खटला सोडून दिला. एका तरुण पोलिसाचा जीव गेला तो गेलाच. त्याच्या घरच्यांना शेवटपर्यंत निकाल मिळाला नाही.

घराच्या उंबऱ्यावर

ह्यूई तुरुंगात असताना लढाई रस्त्यावरून घरात आली. १६ जानेवारी १९६८ ला पहाटे साडेतीनला सॅन फ्रान्सिस्कोत पँथर नेते एल्ड्रिज क्लीव्हर यांच्या घराचं दार तोडून पोलीस आत शिरले. फेब्रुवारीत बॉबी सीलच्या घरीही तेच झालं. वॉरंटशिवाय पोलीस घरात घुसले, ही पक्षाची तक्रार होती.

१ मार्च १९६८ ला ह्यूईने तुरुंगातून पक्षाला आदेश दिला. प्रत्येक सदस्याने घरात बंदूक ठेवायची. वॉरंट नसताना कुणी जबरदस्ती दार तोडून आत येत असेल, तर घराचं रक्षण करायचं. जो करणार नाही, त्याची पक्षातून हकालपट्टी. त्याने दाखला दिला १९२९ सालच्या शिकागोचा. तिथे व्हॅलेंटाइन दिवशी गुंडांनी पोलिसांचे कपडे घालून सात माणसं भिंतीला उभी करून मारली होती. मग रात्री दारावर लाथा मारणारा पोलीस की गुंड, हे आतल्या माणसाने ओळखायचं कसं, असा त्याचा सवाल होता.

कागदावर मुद्दा बिनतोड होता. पण घर ही गस्तीसारखी उघडी जागा नाही. रस्त्यावर बघायला शेजारीपाजारी होते, म्हणून दोन्ही बाजू सांभाळून वागत. पहाटे बंद दाराआड साक्षीला कुणी नसतं.

६ एप्रिलला ओकलंडमध्ये पोलीस आणि पँथर यांच्यात गोळीबार झाला. त्याची सुरुवात आपल्याच बाजूने झाली, हे क्लीव्हर यांनी पुढे कबूल केलं. पँथर एका घराच्या तळघरात अडकले. पक्षाचा सर्वांत पहिला सदस्य बॉबी हटन बाहेर आला आणि पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. तो हात वर करून शरण आला होता, असं पँथर म्हणाले. तो पळत होता, असं पोलीस म्हणाले. वय होतं १७.

४ डिसेंबर १९६९ ला शिकागोत फ्रेड हॅम्प्टनच्या घरावर पोलिसांनी पहाटे छापा घातला. कारण दिलं, घरात बेकायदा हत्यारं आहेत. घरात कोण कुठे झोपतं याचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्याने आधीच पुरवला होता. पोलिसांनी ९० च्या आसपास गोळ्या झाडल्या. घरातून फार तर एक गोळी सुटली, असं नंतरच्या सरकारी चौकशीत निघालं. हॅम्प्टन आपल्या बिछान्यातच गेला, वय २१. सोबतचा मार्क क्लार्कही मेला. पुढे १९८२ साली १८ लाख ५० हजार डॉलरची भरपाई मंजूर झाली.

चारच दिवसांनी लॉस एंजेलिसच्या पँथर कचेरीवर छापा पडला. तिथे आतून वाळूच्या गोण्या रचलेल्या होत्या. काही तास गोळीबार चालला. उजाडल्यावर लोक आणि पत्रकार जमले, तेव्हा आतली मंडळी शरण आली. दोन्हीकडे माणसं जखमी झाली, पण मेलं कुणी नाही.

शिदोरी टिकली

५ ऑगस्ट १९७० ला ह्यूई सुटला तेव्हा बाहेर हजारो लोक जमले होते. वेताच्या मोठ्या खुर्चीत, एका हातात रायफल आणि दुसऱ्यात भाला घेतलेला त्याचा फोटो तोवर घरोघरी लागला होता. पण बाहेर आलेल्या ह्यूईने वेगळाच सूर लावला. बंदुकीवर फार भर दिल्याने पक्ष आपल्याच लोकांपासून तुटला, असं त्याने १९७१ साली जाहीर लिहिलं. यावरून क्लीव्हर यांच्याशी फाटलं आणि पक्ष दुभंगला.

लोकांना खरा उपयोग झाला तो दुसऱ्या कामांचा. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना सकाळी फुकट नाश्ता सुरू झाला. आपल्या शाळेतल्या खिचडीसारखंच, उपाशी पोराला शिकता येत नाही हा साधा विचार. अनेक शहरांत हजारो मुलं तिथे जेवली. फुकट दवाखाने निघाले, सिकलसेलच्या तपासण्या झाल्या. आपल्याकडे विदर्भातल्या, नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल काय असतो हे वेगळं सांगायला नको. गंमत म्हणजे एफबीआयच्या प्रमुखाला बंदुकांइतकीच या नाश्त्याची धास्ती होती. कारण त्यामुळे लोक पक्षाकडे ओढले जात होते.

पँथर हे नाव समुद्र ओलांडून मुंबईतही आलं. १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुण लेखकांच्या पुढाकाराने दलित पँथर उभी राहिली. इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचा बहिष्कार, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित महिलांची झालेली विटंबना, अशा घटनांनी ही पोरं पेटली होती. नाव अमेरिकेतून घेतलं, पण बंदूक घेतली नाही. शब्द, मोर्चे आणि अत्याचार झालेल्या गावात थेट जाऊन उभं राहणं, ही त्यांची हत्यारं होती.

शेवट

ह्यूईचा शेवट मात्र वाईट झाला. दारू, कोकेन आणि संशय यांनी तो पोखरला गेला. १९७४ साली १७ वर्षांच्या एका मुलीच्या खुनाचा आणि एका शिंप्याला मारहाण केल्याचा आरोप त्याच्यावर आला. तो क्युबाला पळाला. १९७७ ला परतला, खुनाच्या खटल्यात पुन्हा दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि तो सुटला. १९८० साली त्याने कॅलिफोर्निया विद्यापीठातून पीएच.डी. घेतली. विषय होता, सरकारने पँथर पक्ष कसा चिरडला. ज्याला हायस्कूल संपेपर्यंत वाचता येत नव्हतं, तो डॉक्टर झाला. दोन वर्षांत पक्ष संपला. पक्षाच्या शाळेच्या पैशांत अफरातफर केल्याचं प्रकरणही त्याच्या अंगाशी आलं.

२२ ऑगस्ट १९८९ ला पहाटे ओकलंडच्याच रस्त्यावर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मारणारा पोलीस नव्हता. अमली पदार्थांच्या धंद्यातला, त्याच वस्तीतला एक तरुण होता. ह्यूई ४७ वर्षांचा होता.

तो जिथे पडला, तिथल्या रस्त्याच्या एका भागाला आता डॉक्टर ह्यूई पी. न्यूटन यांचं नाव आहे. २०२१ साली तिथे त्याचा अर्धपुतळाही बसवला. ज्या शहरात पोलीस आला की लोक घरात शिरून दार लावून घ्यायचे, त्या शहरात दार उघडून बाहेर या आणि बघत उभे राहा, एवढं सांगणारा तो पहिला माणूस म्हणून जुनी माणसं त्याची आठवण काढतात.